अडकलेला ब्रश आणि त्याची टोके

पुण्यातल्या आमच्या घरी रोबो व्हॅक्यूम आला तो सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. केरसुणी घेऊन वाकणे त्यांना जमेनासे झाले होते, आणि फरशीवर केसांचे गुंतवळ किंवा सांडलेले पीठ दिसले की त्यांना चैन पडत नाही. यंत्राची हमी संपेपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ त्याने विनातक्रार काम केले. मग मात्र ते दिवाणखान्याच्या मध्यावर थांबून, मुख्य ब्रश अडकला आहे, अशी सूचना देऊ लागले. उलटे करून पाहावे तर ब्रशवर एकही केस नाही, कारण दर आठवड्याला केस काढून ठेवण्याचा आमच्या घरी नेम आहे. म्हणूनच ही तक्रार मला चमत्कारिक वाटली आणि तिच्या मुळाशी जायचे मी ठरवले.

सर्वांत आधी मी बिघाडाची रीत पाहिली. यंत्र सुरू होताना अगदी ठीक सुरू होई, दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित चाले, नंतर आवाज थोडा जड होई आणि ब्रश दोन-तीनदा उलटसुलट फिरून थांबे. अर्धा तास तसेच ठेवले की ते पुन्हा काही काळ चाले. ब्रशमध्ये खरोखर काही अडकलेले असते, तर विश्रांती दिल्याने ते सुटले नसते. थंड असताना चालणारी आणि तापल्यावर थांबणारी वस्तू बहुधा घर्षणाने बेजार झालेली असते. एकदा यंत्र थांबताक्षणी मी ब्रश बाहेर काढला आणि त्याच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी बोटाने चाचपली. ब्रशचा मधला भाग थंड होता, दुसरे टोक कोमट होते, आणि ही टोपी मात्र बोट फार वेळ ठेवता येणार नाही इतकी तापली होती. दोष कोणत्या टोकाला आहे, हे तिथेच कळून आले.

या यंत्रांत ब्रशवर किती भिस्त असते, ते समजून घेतल्याशिवाय या दुरुस्तीचे महत्त्व कळणार नाही. भिंतीच्या प्लगवर चालणारा मोठा व्हॅक्यूम क्लीनर हजार वॉट किंवा त्याहूनही अधिक शक्ती वापरतो. बॅटरीवर फिरणाऱ्या रोबोला शंभरापेक्षा कमी वॉटांतच चाके, पंखा, ब्रश आणि संवेदक असे सगळे भागवावे लागते. त्यामुळे नुसत्या ओढीवर कचरा उचलणे त्याला शक्य नसते. फरशीवरचा कण आधी ब्रशने उडवायचा आणि मग हवेच्या झोताने तो डब्यात न्यायचा, अशी कामाची वाटणी असते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांना धुळीने दम्याचा त्रास होत असे. त्यांनी १९०८ साली ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यात फिरता ब्रश आणि पंखा यांची हीच सांगड होती. ब्रश मंदावला की रोबो घरभर फिरतो खरा, पण कचरा जागच्या जागी राहतो.

कंपनीच्या सेवाकेंद्रात मी यंत्र घेऊन गेले होते. तिथल्या मुलाने सौजन्याने सांगितले की ब्रश, त्याची गिअरबॉक्स आणि मोटर असा पूर्ण संच बदलावा लागेल, आणि त्याचा खर्च त्याने सांगितला तो यंत्राच्या किमतीच्या पाव हिश्शाच्या घरात जात होता. टोकाची टोपी किंवा आतले बेअरिंग सुटे मिळेल का, असे विचारल्यावर ते भाग स्वतंत्र विकले जात नसल्याचे उत्तर मिळाले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. टिकाऊ गृहोपयोगी वस्तू त्या आराखड्यात येतात. माझी तळमळ एवढीच आहे की या हक्काचा अर्थ सुट्या भागांच्या यादीपर्यंत पोहोचला पाहिजे. पूर्ण संच मिळतो पण शंभर रुपयांच्या आतला तुकडा मिळत नाही, अशा स्थितीत चांगली मोटर आणि चांगली गिअरबॉक्स विनाकारण कचऱ्यात जाते.

यंत्र परत आणून मी तपासणीचा क्रम ठरवला. ब्रश, गिअरबॉक्स आणि मोटर हे तीन भाग एकमेकांपासून वेगळे करून पाहिल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, हे माझे पहिले पथ्य होते. यातली पहिली पायरी कोणालाही करता येईल इतकी सोपी आहे. ब्रश काढून ठेवला आणि त्याच्यावरची जाळी परत बसवून यंत्र तसेच फरशीवर सोडले. आमच्या यंत्राला ब्रश नसल्याचे कळत नाही. ते रिकामी गिअरबॉक्स फिरवत राहते. त्या दिवशी त्याने सगळे घर पालथे घातले आणि एकदाही सूचना दिली नाही. म्हणजे मोटर दमत नव्हती, तिच्यावर येणारा भार अवाजवी होता. मात्र गिअरबॉक्सच्या बाजूने बारीक करकर ऐकू येत होती, तीही मी टिपून ठेवली.

आता ब्रशकडे वळले. आमच्या यंत्राच्या ब्रशचे एक टोक चौकोनी आहे. ते गिअरबॉक्सच्या चौकोनी खोबणीत बसते आणि तिथूनच ब्रशला फिरकी मिळते. दुसऱ्या टोकाला लोखंडी आस आहे, तिच्यावर छोटे बेअरिंग आणि बेअरिंगवर प्लास्टिकची टोपी. टोपी यंत्राच्या खाचेत स्थिर राहते आणि तिच्या आत ब्रश फिरतो. टोपी आणि ब्रश यांच्यामध्ये एक बारीक फट असते, आणि आपल्या घरातले लांब केस नेमके तिथे पोहोचतात. ब्रशच्या मध्यभागी गुंडाळलेला केस पट्ट्यांच्या तिरक्या रचनेमुळे हळूहळू टोकाकडे सरकत जातो आणि फटीत शिरला की बाहेरून दिसेनासा होतो. केस निदान तुटतो तरी. गजऱ्याचा दोरा, शिवणकामाचा पॉलिएस्टरचा धागा किंवा साडीच्या पदराचा सुटलेला दशा-धागा तुटत नाही आणि आसेभोवती करकचून आवळला जातो. केसाळ ब्रशच्या जागी रबरी रोलर आणले म्हणजे हा प्रश्न मिटतो असेही नाही. आयरोबॉट कंपनीने २०१३ मध्ये रूम्बा या आपल्या रोबो व्हॅक्यूमच्या ८०० मालिकेत तसे रोलर आणले, त्यांच्या मध्यावर केस कमी गुंततात हे खरे, पण टोकांवरचे केस तिथेही काढावेच लागतात.

टोपी दोन बोटांत धरून सरळ ओढली तर निघायला हवी होती, पण ती निघेना. मग शिवण उसवायला वापरतात ते छोटे टोकदार हत्यार फटीत घालून, आसेला चरा पडणार नाही अशा बेताने, मी एकाच ठिकाणी केस कापत आत गेले. टोपी सुटली तेव्हा तिच्यामागून केसांचे एक कडे बाहेर आले, समईच्या जळक्या वातीसारखे काळे आणि कडक. त्यात केसांबरोबर पीठ, धूळ आणि बेअरिंगमधून बाहेर आलेले ग्रीस मुरलेले होते. बेअरिंगचे बाहेरचे कडे बोटाने फिरवून पाहिले तर ते एका जागी अडे, जोर दिला की खरखरत पुढे सरके. याचा परिणाम टोपीत दिसत होता. बेअरिंग जाम झाल्यावर ब्रश थांबला नाही. बेअरिंगच आसेसह टोपीत फिरू लागले. जिथे पोलादाच्या गोळ्या घरंगळायच्या तिथे आता पोलाद प्लास्टिकवर घासत होते. त्या उष्णतेने टोपीतली गोल बैठक मऊ होऊन एका अंगाला लंबगोल झाली होती आणि तिच्या काठावर वितळून थिजलेल्या प्लास्टिकची बारीक कड उमटली होती. टोपी कशाने तापत होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मागायला नको.

बेअरिंग काढताना घाई केली तर आस वाकते. मी दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोर घातले, त्यांच्याखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या ठेवल्या आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर देत ते वर उचलले. पुसल्यावर भिंगातून त्यावरचा क्रमांक वाचता आला: ६८५ झेडझेड. बेअरिंगच्या व्यवहारात हा क्रमांक म्हणजे पूर्ण पत्ता असतो. ६८५ म्हणजे आतले भोक ५ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ११ मिलिमीटर. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, आणि झाकणांसह जाडी ५ मिलिमीटर. कंपनी हा भाग सुटा देत नसली, तरी तो काही त्या कंपनीचा खास भाग नव्हता. जगभर एकाच मापाने बनणारी ती वस्तू आहे, हे पाहून मला फार हायसे वाटले.

जुने बेअरिंग रुमालात गुंडाळून मी नाना पेठेत गेले. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत बेअरिंगचे एक छोटे दुकान आहे. तिथल्या वयस्क गृहस्थांनी बेअरिंग बोटावर फिरवले, कानाजवळ नेले आणि विचारले, “हे कशात होतं, ताई?”

मी यंत्राचे वर्णन केले. “काका, केस गुंडाळून जाम झालं. असंच दुसरं द्या.”

“असंच कशाला घेता? पत्र्याच्या झाकणाला कडेनं फट राहते, केस त्यातनं आत जातोच. रबरी सीलचं घ्या, टू आर एस. फिरायला जरासं जड लागेल, पण आत काही जाणार नाही. आणि बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकू नका, आतल्या रिंगवर दाब द्या. नाहीतर नवीन बेअरिंग घरी जाईपर्यंतच जुनं होईल.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यामागे पक्के कारण आहे. बेअरिंग आसेवर घट्ट बसवायचे असते, तेव्हा बाहेरच्या रिंगवर दिलेला दाब गोळ्यांमधून आतल्या रिंगवर जातो आणि गोळ्यांच्या मार्गावर सूक्ष्म खळगे पडतात. तेच पुढे खरखरीला कारण होतात. केस टाळण्यासाठी रबरी सील घ्यावे हा सल्लाही मला पटला, कारण ज्या मोटरला जाम बेअरिंगसकट दहा मिनिटे ब्रश ओढता येत होता, तिला सीलचा किंचित अडथळा जाणवणार नव्हता. जाम झालेल्या बेअरिंगवर गंज काढण्याचा स्प्रे मारावा का, हेही मी विचारले. त्यांनी मान हलवून नकार दिला: तो फवारा आत उरलेसुरले ग्रीस धुऊन काढतो, दोन दिवस बरे वाटते आणि मग बेअरिंग कोरडे पडते.

खरी कसोटी टोपीची होती. नवे बेअरिंग लंबगोल झालेल्या बैठकीत ढिले बसत होते, आणि इतकी मोकळीक राहिली असती तर ब्रश फरशीवर उडत चालला असता. मी टोपी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तिच्यावरचे तेल घालवले. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मी मुद्दाम टाळले, कारण एबीएससारखे प्लास्टिक त्यांनी विरघळते. मग बैठकीच्या आतल्या बाजूला सुईने आडव्याउभ्या चरा पाडल्या. गुळगुळीत प्लास्टिकवर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा गोंद, नीट धरत नाही, चरांमध्ये शिरून मात्र ते घट्ट अडकते. आतल्या रिंगच्या मापाची पोकळ नळी वर ठेवून बेअरिंग आसेवर दाबून बसवले, सीलवर आणि आसेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला, म्हणजे गोंद ओघळलाच तर तिथे चिकटणार नाही, आणि दोन नळ्यांचे नेहमीचे अ‍ॅराल्डाइट समान भागांत कालवून बैठकीत काडीने लावले.

टोपी ब्रशला लावून तशीच टेबलावर ठेवून वाळवली असती, तर ती कोणत्या कोनात घट्ट झाली असती याची शाश्वती नव्हती. म्हणून ब्रश यंत्रात त्याच्या जागी बसवला, चौकोनी टोक खोबणीत, टोपी खाचेत आणि वर जाळी. आता आस कुठे असावी हे यंत्राचा सांगाडाच ठरवत होता, आणि बेअरिंगभोवती उरलेली रिकामी जागा इपॉक्सीने तितकीच भरली जितकी भरायला हवी. पहिला अर्धा तास मी अधूनमधून ब्रश हाताने फिरवत राहिले आणि मग रात्रभर त्याला हात लावला नाही. या संपूर्ण दुरुस्तीत मला सर्वाधिक समाधान याच युक्तीने दिले.

करकर अजून शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उघडली. यंत्राच्या पोटातले स्क्रू काढण्यापूर्वी बॅटरी काढून तिची जोडणी सोडवणे अत्यावश्यक आहे. १४.४ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भारित असताना १६.८ व्होल्टपर्यंत जाते आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन तारा जोडल्या गेल्या, तर ती क्षणात मोठा प्रवाह सोडते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर यंत्राची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू ज्या जागेवरून निघाला त्या जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी गेला, तर पलीकडचे प्लास्टिक फोडून बाहेर येतो.

गिअरबॉक्समध्ये मोटरच्या छोट्या दातेरी चाकापासून ब्रशच्या खोबणीपर्यंत नायलॉनची चाके एकामागोमाग एक लागलेली होती. दाते शाबूत होते. मूळचे पांढरे ग्रीस मात्र राखाडी होऊन चाकांच्या कडेला ढकलले गेले होते आणि खोबणीच्या सीलमधून शिरलेले केसांचे बारीक तुकडे त्यात रुतले होते. दातात दात अडकतो तिथेच केस, म्हणजे करकर होणारच. सगळी चाके क्रमाने काढून पुसली आणि प्लास्टिकला चालणारे सिलिकोन ग्रीस दातांवर ब्रशने पातळ लावले. आमच्याकडे अशा वेळी खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालायची सवय आहे. शिलाई मशीनचे तेल चाकांवरून ओघळून जाते आणि धूळ धरून ठेवते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि पुण्याच्या थंडीत सकाळी ते चाकांवर लोण्याच्या घट्टपणाने बसते. दोन्ही इथे उपयोगाचे नाहीत.

गिअरबॉक्स उघडीच होती, तेव्हा मोटरही पाहून घेतली. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मल्टिमीटरमधून मोटरला जोडला. मोटर एकसारखी फिरत होती आणि प्रवाहाचा आकडा स्थिर होता. मग जाड कापड घेऊन फिरती खोबणी मी दोन बोटांनी हलकेच दाबली, आणि आकडा लगेच चढू लागला. दाब वाढवला तसा तो आणखी चढला, सोडल्यावर पूर्वपदावर आला. ब्रश अडकल्याचे यंत्राला कसे कळते, ते इथे डोळ्यांनी दिसते. ब्रशवर वेगळा संवेदक असण्याची गरज नसते. मोटर किती प्रवाह ओढते आहे, एवढ्यावर यंत्रातले सर्किट नजर ठेवते आणि मर्यादा ओलांडली की मोटर जळू नये म्हणून ती थांबवते. म्हणजे अडकल्याची सूचना खरी होतीच. केसाने अडणे आणि घर्षणाने अडणे यांतला फरक सांगणे तिच्या आवाक्यात नव्हते, तो शोधणे आपल्याकडेच असते.

जोडणी उलट क्रमाने केली. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू परत बसवताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवावा. जुन्या आट्यांची सुरुवात सापडली की टक् असा बारीकसा धक्का बोटांना जाणवतो, तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच मार्गाने आत जातो. थेट दाबून फिरवला तर दर वेळी नवे आटे पडतात आणि दोन-तीन दुरुस्त्यांत भोक निकामी होते. विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर मी या कामात वापरला नाही, आणि कोणी वापरू नये असेच सांगेन.

त्यानंतर यंत्र फरशीवर सोडले तेव्हा आवाजातला फरक सासूबाईंनी आतल्या खोलीतून ओळखला. “अगं, आता कण्हत नाही ते,” त्या म्हणाल्या. दिवाणखाना, दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर झाडून झाल्यावर मी ब्रश काढून टोपीवर बोट ठेवले. ती दुसऱ्या टोकाइतकीच कोमट होती. पुढचे काही आठवडे दर वेळी ही तपासणी मी केली, कारण इपॉक्सी उष्णतेने हळूहळू मऊ पडू शकते आणि पहिला इशारा टोपीच्या तापमानातूनच मिळाला असता. तसा इशारा मिळाला नाही.

साफसफाईची आमची रीत मात्र बदलली. पूर्वी आम्ही ब्रशवर दिसणारे केस काढत असू. आता टोपीलगतच्या फटीत शिरलेले केसही काढतो, चौकोनी टोकाची खोबणी काडीने साफ करतो आणि ब्रश दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहतो. रबरी पट्टी आणि केसाळ पट्टी यांच्यामधल्या खाचेतून टोकदार हत्यार एकदा लांबवर ओढले की गुंडाळलेले केस उभे कापले जातात आणि पट्टीला धक्का लागत नाही. गजऱ्याचा दोरा जमिनीवर पडू न देण्याची जबाबदारी सासूबाईंनी स्वतःहून घेतली आहे.

चौकोनी टोकाचे कोपरे आता थोडे गोलावले आहेत, जाम बेअरिंगसकट ब्रश ओढताना त्यांनी सोसलेला ताण तिथे दिसतो. खोबणीत ब्रश हाताने हलवला की किंचित मोकळीक जाणवते. ती वाढत गेली, तर ब्रश बदलावा लागेल, पण तो सुटा मिळतो आणि गिअरबॉक्स व मोटर यांना हात लावायची गरज पडणार नाही. नवा ब्रश आणला की त्याच दिवशी त्याचे पत्र्याच्या झाकणाचे बेअरिंग काढून मी रबरी सीलचे बसवणार आहे. नाना पेठेतून परत निघताना एक जादा बेअरिंग मी त्यासाठीच घेऊन ठेवले आहे.